रिलॅक्सेशन मसाजचं कूपन आलंय, सासूबाई तयार नाहीत. फायदा खरंच होतो का, आणि जायचं तर तयारी काय?

पांढरं_सोनं
नमस्कार मंडळी. आम्ही दारव्हा तालुक्यात, खेड्यावर. कोरडवाहू वावर, कपाशी अन् तूर. नणंदेनं नागपूरहून सासूबाईंसाठी यवतमाळच्या एका पार्लरचं कूपन पाठवलंय, एका तासाचा रिलॅक्सेशन मसाज. सासूबाईंचं वय ५८. सीतादही (पहिल्या वेचणीची पूजा) झाली की कापसासाठी कमरेला ओटी बांधून वेचणीला लागतात त्या थेट फरदड (हंगामाच्या शेवटचा कापूस) संपेपर्यंत. संध्याकाळी चुलीपाशी बसल्या की उजवा खांदा डाव्या हातानं दाबत राहतात, आणि रात्री कूस बदलली की "आई वं" ऐकू येतं. बीपीची गोळी चालू आहे, शुगर नाही.

कूपन पाहून पहिला प्रश्न, "परक्या बाईसमोर आंग उघडं कराचं, अन् त्याचे पैसेही आपणच द्याचे?" पैसे भरून झालेत म्हटलं तर, "मंग वापस माग."

मीही असा मसाज कधी घेतलेला नाही, त्यामुळे समजावू तरी काय? कुणी घेतला असेल तर सांगा. जेवून जायचं की उपाशी, कपडे किती काढावे लागतात, तेल घरचं चालतं का? आणि मुख्य म्हणजे खांद्याला काही फरक पडतो, की नुसती चैन?

तर्री_पोहे
कूपन वाया जात असन तर मी अमरावतीहून यवतमाळले याले तयार आहो. आंग उघडं कराले मले काई लाज नाई.

कोपरखळी
@तर्री_पोहे लेडीज पार्लर आहे भाऊ. मिशा काढून येशील का?

झाडीपट्टी
आमच्या गावात (भंडारा जिल्हा) मालिश तिघांचीच होते. तान्ह्या लेकराची, बाळंतिणीची अन् पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची.

खांदशेकणीला माझे बाबा बैलाच्या खांद्याला हळद अन् तूप लावून अर्धा अर्धा तास चोळतात. जू घासून जिथं कातडं निबर झालंय तिथं अंगठा गोल गोल फिरवतात, मग गरम पाण्यात फडकं पिळून शेकतात. बैलही डोळे मिटून उभा राहतो. एका वर्षी आई बाजूला भांडे घासत होती, ती म्हणाली, "उरलं तर माह्याही खांद्याले लावा थोडं." सगळं घर हसलं. आई काही हसली नाही.

ताई, सासूबाईंना न्याच. चैन तर चैन.

वावरातला_वायफाय
माफ करा पण मले हे पटत नाई. दिवसभर राबणाऱ्याचं आंग कामानंच मोकळं होते. मालिश, स्पा हे खुर्चीत बसणाऱ्याचे चोचले. त्या पैशात कपाशीवर एक फवारणी होते. खांदा दुखते तर तिळाचं तेल गरम करून सुनेनं चोळून द्यावं, झालं. आमच्या बुढीले आम्ही तसंच करतो.

मिरची_भिवापूर
@वावरातला_वायफाय "आम्ही तसंच करतो" म्हणजे तुम्ही करता, की तुमच्या मिसेस करतात?

वावरातला_वायफाय
घरचे करतात.

मिरची_भिवापूर
समजलं 😀

फिजिओ_वर्धा
मी फिजिओथेरपिस्ट आहे, वर्धा जिल्ह्यातच काम करते. माझ्याकडे वेचणीच्या हंगामात येणाऱ्या निम्म्याहून जास्त बायका हेच मान-खांदा-कंबर घेऊन येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

काम केलं की अंग मोकळं होतं हे खरं नाही. वेचणीत मान खाली, कंबर वाकलेली, दोन्ही हात समोर आणि ओटीचं ओझं पोटावर, अशा एकाच अवस्थेत तासन् तास जातात. तेच स्नायू ताणून धरलेले राहतात, त्यांना सैल व्हायला वेळच मिळत नाही. व्यायामात हालचाल बदलती असते, इथे ती तीच ती असते.

आता मसाजचं. रिलॅक्सेशन मसाजचा सगळ्यात भरवशाचा फायदा म्हणजे माणूस शांत होतो. श्वास संथ होतो, नाडी उतरते, रक्तदाबही तेवढ्यापुरता थोडा खाली येतो, आणि बहुतेकांना त्या रात्री झोप चांगली लागते. मान, कंबर, खांद्याच्या दुखण्यात आराम पडतो, पण तो काही दिवसांपुरता. वेचणीची तऱ्हा तीच राहिली तर दुखणं परत येणार. "शरीरातलं विष बाहेर पडतं" असं बोर्डावर लिहिलेलं असतं, ते सोडून द्या. ते काम मूत्रपिंडं आणि यकृत चोवीस तास करतच असतात. अंगात साचलेलं लॅक्टिक ॲसिड मसाजनं निघतं म्हणतात, तेही नाही. मेहनत थांबली की ते तासा-दोन तासांत आपोआप उतरतं.

मात्र पार्लरला नेण्याआधी घरीच बघा. सासूबाईंना तो हात वर करून स्वतःची वेणी घालता येते का? मागे हात नेऊन कमरेला परकराची नाडी चाचपता येते का? नसेल जमत, तर सांधा आखडला असू शकतो आणि तिथे मसाजनं काम भागणार नाही. बोटांना मुंग्या येत असतील, हातातून वस्तू सुटत असेल तर मानेची नस तपासून घ्या. आणि खांदेदुखीबरोबर छातीत दडपण, घाम, चालताना धाप असं काही असेल तर कूपन राहू द्या, आधी ईसीजी.

कोपरखळी
वाचता वाचता मीच हात मागे नेऊन पाहिला. ऑफिसात सगळे माझ्याकडे पाहून रायले.

पायाळू_भाऊ
एवढं सगळं कायले? मी पायाळू आहो, जन्मताना पाय आधी आलेला. लहानपणापासून गावातली उसण माह्या पायाखालून गेली. सकाळी अंगणात रांग. म्हातारे पालथे पडत, मी पाठीवर पाय ठेवत चालत जाई. मोबदला एक भेली गूळ नाही तर फुटाणे. आता वजन ८४ किलो झालं तेव्हापासून गिऱ्हाईक तुटलं.

तर्री_पोहे
८४ किलोचा पायाळू म्हणजे उसण जाईन, माणूसही जाईन.

फिजिओ_वर्धा
@पायाळू_भाऊ हसून घेतलं, पण खरंच कुणाच्या पाठीवर उभे राहू नका. साठीकडे झुकलेल्या बऱ्याच बायकांची हाडं ठिसूळ झालेली असतात आणि त्यांना ते माहीत नसतं. मणका दबायला फार जोर लागत नाही.

वाशीमकर_पुण्यात
मी मूळची रिसोडकडची, आता पुण्यात. माझ्या आईला असंच ओढून नेलं होतं, त्यामुळे आतलं सगळं सांगते. सासूबाईंना वाचून दाखवा.

गेल्यावर एक कागद भरून घेतात. बीपी, शुगर, ऑपरेशन, ॲलर्जी, कुठे दुखतं, कुठे हात लावायचा नाही. यात काही लपवू नका. मग एक छोटी खोली, मंद दिवा, उंच पलंग. पलंगाला तोंडापाशी गोल भोक असतं, पालथं झोपल्यावर त्यात चेहरा ठेवायचा. आई ते भोक बघून म्हणाली, "यात पडली तं?" मसाज करणारी बाई आधी बाहेर जाते, आपण कपडे बदलायचे, पलंगावर झोपून चादर ओढून घ्यायची, मग ती दार वाजवून आत येते. ज्या भागाला तेल लावायचं तेवढीच चादर बाजूला होते, तो झाला की परत झाकतात. एका वेळी पाठ तरी उघडी, नाही तर एक पाय, नाही तर एक हात. आतले कपडे अंगावर ठेवता येतात. आईनं परकर ठेवला होता, कुणी काही बोललं नाही. फक्त पाठ, खांदे आणि पावलं एवढंच करा म्हटलं तरी चालतं.

हात लांब लांब फिरवतात, रगडत नाहीत. मधून मधून विचारतात दाब कसा आहे म्हणून. आपल्या बायकांची खोड अशी की दुखलं तरी "बरं आहे" म्हणायचं. सासूबाईंना आधीच सांगून ठेवा, दुखलं की बोलायचं. सोसायला गेलेलो नाही आपण तिथे.

आई अर्ध्यातच घोरायला लागली. बाहेर आल्यावर मला म्हणे, "मी जागीच होती."

पांढरं_सोनं
@वाशीमकर_पुण्यात आत्ताच वाचून दाखवलं. परकर ठेवता येतो हे ऐकून चेहरा जरा सैलावला. पुढचा प्रश्न आला, "बांगड्याचं काय?" हिरवा चुडा आहे, मनगटातून निघत नाही, अन् त्या काढणारही नाहीत.

वाशीमकर_पुण्यात
बांगड्या असू द्या, त्या हाताला कोपराच्या वरच करा म्हणायचं. मंगळसूत्र, गळ्यातली पोत, कानातलं आणि अंगठी मात्र काढून तुमच्याकडे घ्या, पार्लरच्या ट्रेमध्ये ठेवू नका. जोडवी घट्ट असतील तर पायात राहिली तरी चालतील. केसांचा अंबाडा मानेवर नको, वर बांधा, नाही तर मानेला हातच लागत नाही.

दहावा_मैल
जेवणाचं कुणी सांगितलं नाही अजून. पोटभर जेवून पालथं झोपवलं की काय होते ते मी भोगलं आहे. झुणका-भाकर खाऊन गेलो होतो. पुढचं लिहत नाही.

फिजिओ_वर्धा
@दहावा_मैल बरोबर. दीड-दोन तास आधी हलकं काही खावं, थोडे पोहे, उपमा, एखादी पोळी. उपाशी मुळीच नको. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर अजिबात नाही. बीपीची गोळी रोजच्या वेळेला घ्यायचीच, मसाज आहे म्हणून चुकवायची नाही. पाणी नेहमीसारखं प्यावं आणि आत जाण्याआधी लघवीला जाऊन यावं, नाही तर तासभर सगळं लक्ष तिकडेच. दारू पिऊन जाऊ नये, हे पुरुष मंडळींसाठी.

आणि मसाज संपल्या संपल्या टुणकन उठायचं नाही. बीपीवाल्यांना गरगरू शकतं. आधी कुशीवर वळावं, पाय खाली सोडून दोन-तीन मिनिटं बसावं, मग उभं राहावं. तळपायाचं तेल पुसून घ्या. पार्लरच्या गुळगुळीत टाइल्सवर तेलकट पायानं घसरून मनगट मोडलेल्या पेशंट मी पाहिल्या आहेत. घरच्या न्हाणीतल्या फरशीचीही तीच गत.

वावरातला_वायफाय
म्हणजे इतकी सगळी काळजी घ्या, अन् फायदा चार दिवसांचा. माह्याच मुद्द्यावर आले ना शेवटी.

मास्तर_आर्वी
@वावरातला_वायफाय जेवणाचा फायदाही चार-सहा तासांचाच असतो, म्हणून आपण जेवायचं सोडत नाही.

चैनीचं म्हणाल तर सेवाग्राम आमच्यापासून फार लांब नाही. गांधीजी १९३६ मध्ये तिथं राहायला आले, तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. पंचा नेसणारा, मोजकं खाणारा माणूस, पण मालिश त्यांच्या दिनक्रमात होती. निसर्गोपचारावर त्यांचा इतका जीव की १९४६ मध्ये उरुळी कांचनला त्याचं केंद्रच काढलं. मालिश हा चोचला असता तर त्यांनी तो सगळ्यात आधी टाकला असता.

वावरातला_वायफाय
मास्तर, गांधीजींवर आले म्हणजे मी गप. बाकी माह्या म्हणण्यावर मी ठाम आहो.

गुगल_काका
एक जादा माहिती. पार्लरवाले ज्याला स्वीडिश मसाज म्हणतात, त्याचं श्रेय स्वीडनच्या पेर हेन्रिक लिंग (१७७६–१८३९) यांना देतात. पण लांब हात फिरवणं, मळणं, थोपटणं अशी ठरावीक पद्धत बसवली ती योहान मेझगर (१८३८–१९०९) या डच डॉक्टरांनी.

तर्री_पोहे
काका, बुढीच्या खांद्याले डच फिरवा का स्वीडन, तेल आपलंच लागते.

पांढरं_सोनं
तेलावर आलो ते बरं झालं. सासूबाईंची अट आहे, "त्यायचं वासाचं तेल नको, घरचं नेईन." आमच्याकडे घाण्याचं तिळाचं आहे, जवसाचंही आहे. कोणतं न्यावं?

घाणा_आणि_पेंड
तिळाचं न्या, डोळे झाकून. आमचा लाकडी घाणा आहे म्हणून सांगतो असं नाही. थंडीत तीळ, उन्हाळ्यात खोबरेल, हा आमच्या आजीचा हिशेब. पौषात खोबरेल बाटलीत गोठून बसते, ते उन्हात ठेवा, विरघळवा, भानगड. सरसूचं तेल काही जणांच्या कातडीला झोंबते. एरंडेल इतकं चिकट की हात पुढं सरकत नाई.

जवस खायले उत्तम, चटणी करा, लावू नका. ते हवेत वाळते अन् अंगावर, कपड्यावर चिकट थर धरते. म्हणूनच तर ते रंग-वार्निशमध्ये वापरतात. आणखी एक, जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्या, फडकी कोपऱ्यात गोळा करून टाकू नका. वाळताना आतल्या आत तापतात अन् आपोआप पेट घेतात. बाहेर मोकळ्या पसरून वाळवा, नाही तर पाण्यात बुडवून ठेवा. घाण्यावर आम्ही हे कामाला आलेल्या पोट्ट्याला पहिल्या दिवशी सांगतो.

कोपरखळी
आँ? जवस पेटते? आमच्या घरी जवसाच्या तेलाचं फडकं कपाटामागं आहे. थांबा, आलोच.

इंद्रावती_काठ
आमच्या गडचिरोलीकडे मोहाच्या टोळीचं (बियांचं) तेल लावतात अंगाला. थंडीत तुपासारखं घट्ट होते. हातावर घेऊन चुलीपाशी बसायचं, वितळलं की पायाच्या भेगांना अन् टोंगळ्यांना. वास ज्याला आवडते त्याला आवडते. यवतमाळच्या पार्लरात नेलं तर पुढचं गिऱ्हाईक पळून जाईन.

पण मला दुसरंच सांगायचं आहे. माझ्या मामेबहिणीला सिकलसेल आहे. तिचे हातपाय दुखायला लागले की घरचे सगळे तेल घेऊन चोळत बसत. दुखणं वाढतच जाई, अन् दवाखान्यात न्यायला उशीर होई. आता तिच्या आश्रमशाळेच्या मॅडमनं समजावलं तेव्हापासून आधी पाणी पाजतात, पांघरूण घालतात अन् गाडी काढतात. आमच्या भागात घरोघरी हा आजार आहे, म्हणून लिहिलं.

फिजिओ_वर्धा
@इंद्रावती_काठ फार महत्त्वाचं लिहिलंत. सिकलसेलचं दुखणं स्नायू आखडल्याचं नसतं. रक्तपेशी विळ्यासारख्या वाकून बारीक रक्तवाहिन्या अडवतात, त्याची ती कळ असते. थंडी आणि अंगातलं पाणी कमी होणं ही त्याची नेहमीची निमित्तं. अशा वेळी जोरात रगडून उपयोग नाही, दवाखानाच. बरं असताना हलकी मालिश घ्यायला हरकत नाही, पण खोली गार नको, ओल्या अंगानं वाऱ्यात बसणं नको, आणि सिकलसेल आहे हे कागदावर लिहायचंच.

त्याच ओघात, मसाज कुणी घेऊ नये तेही लिहून टाकते. अंगात ताप असताना नको. नागीण, खरूज, गजकर्ण, उघडी जखम असताना नको. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, नुकतंच ऑपरेशन झालं असेल, कॅन्सरचे उपचार चालू असतील, दिवस गेलेले असतील, तर आधी डॉक्टरांना विचारायचं. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागतेय, दुखतेय, तर तिला कुणालाही चोळू देऊ नका. आत रक्ताची गुठळी असू शकते, आणि ती सुटून फुफ्फुसात गेली तर जिवावर बेतते.

बंडी_उलार
हे "चोळून देतो" वाल्यांबद्दल मी पण लिहतो. लहान भाऊ बंडीवरून पडला, कोपर सुजलं. शेजारच्या गावात एक नस बसवणारे आहेत, त्यांच्याकडं नेलं. त्यांनी तेल लावून रोज ओढून चोळलं. महिनाभरानं दवाखान्यात फोटो काढला तर आत हाड तडकलेलं. आज त्याचा हात पूर्ण सरळ होत नाई. मोटारसायकलचं हॅण्डल धरतो, पण डोक्यावर ओझं घेतलं की त्या हाताचा आधार पुरत नाई.

फिजिओ_वर्धा
@बंडी_उलार वाईट वाटलं. कोपराच्या माराला मालिश हा आपल्याकडचा जुना रोग आहे. चोळल्यानं स्नायूच्या आतच हाड धरू लागतं आणि सांधा कायमचा आखडतो. नवीन मार, सूज, मुरगळ, यांना पहिले दोन-तीन दिवस तेल लावून रगडायचं नाही. फोटो आधी.

सलूनमध्ये चंपी झाल्यावर मान कडकन मोडून देतात, तीही टाळा. मानेतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या वाहिनीला इजा होऊन लकवा झाल्याच्या घटना आहेत. डोक्याची चंपी हवी तेवढी घ्या, मान मोडू देऊ नका.

तर्री_पोहे
संपलं. दाढी-कटिंगमधला तेवढाच आनंद होता.

आजी_ऑनलाइन (नातू टाइप करतो)
पोरी, तुह्या सासूचं मले समजते. आमाले बाळंतपणात मालिशवालीनं चोळलं, बाजेखाली शेगडी, धुरी, सगळं झालं. ते अंग लेकरासाठी होतं, दूध यावं म्हणून. त्याच्यानंतर कोणी आंगाले हात लावला तं तो तापात नाई तं दुखण्यात. सुखासाठी आंगाले हात लावून घ्याचा हे आमाले माईत नाई. लाज कपड्याची नसते. तिले म्हणा, एकडाव जाय. नाई आवडलं तं नको जाऊ.

झाडीपट्टी
आजी 🙏

मिरची_भिवापूर
@आजी_ऑनलाइन तुम्ही पहिल्यांदा धागा धाग्यावर आणला.

आता एक गोष्ट जिच्यावर कुणी बोलत नाही. गावात "मसाज पार्लर" म्हटलं की लोक कसे हसतात ते आपल्याला माहीत आहे. म्हणून आधी फोन करा. बाईला बाईच मसाज करणार ना हे विचारा, किती वेळ, कूपनमध्ये काय काय येतं, वरून काही लागेल का, हेही विचारून घ्या. गेल्यावर खोली पाहू द्या म्हणा. तुम्ही सोबत बाहेर बसा. काही खटकलं तर मधूनच उठून यायचं, पैसे गेले तर गेले. चांगल्या जागी या प्रश्नांचा राग येत नाही.

दहावा_मैल
वैद्य मंडळी कुठं गेली? माझे सासरे म्हणतात अभ्यंग रोज पाहिजे.

घाणा_आणि_पेंड
आयुर्वेदाच्या वाग्भटांनी म्हटलंच आहे रोज करावा म्हणून, आणि डोकं, कान अन् तळपाय यांच्याकडं विशेष लक्ष द्यावं. अजीर्ण झालं असताना करू नये, हेही तिथंच आहे. म्हणजे तुमचा झुणका-भाकरीचा किस्सा अष्टांगहृदयात आधीच आलेला आहे.

वाशीमकर_पुण्यात
यवतमाळला जाणं-येणं प्रत्येकाला जमणार नाही, म्हणून आई आता घरी कशी करते ते सांगते. वाटीभर तेल घ्यायचं नाही, दोन चमचे पुरतं. वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवायची, गॅसवर तेल तापवायचं नाही. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून पाहायचा. ज्यांना शुगरमुळे पायाला स्पर्श कमी कळतो त्यांनी तो अंदाज दुसऱ्याकडून घ्यावा. तळपायापासून वर, बोटांपासून खांद्याकडे लांब हात फिरवायचा, सांध्यावर गोल. खांद्याच्या मागे आपला हात पोचत नाही, तिथे ती मोज्यात टेनिसचा चेंडू घालून भिंतीला टेकते अन् हळूहळू सरकते. पंधरा-वीस मिनिटं. मग जरा पडून राहायचं आणि बेसन लावून कोमट पाण्यानं आंघोळ.

बाबा पहिले काही दिवस चेंडूला हसले. आता मोजा त्यांच्या पायात नसतो, भिंतीवर असतो.

वावरातला_वायफाय
चेंडूचं जमण्यासारखं आहे. फुकट आहे.

मिरची_भिवापूर
म्हणजे आता तुमच्या मिसेसला सुट्टी?

वावरातला_वायफाय
चेंडू आणतो म्हटलं ना.

पांढरं_सोनं
सगळ्यांचे आभार. एवढ्या प्रतिसादांची अपेक्षा नव्हती. ताजी खबर देते.

काल फिजिओताईंनी सांगितलेलं करून पाहिलं. वेणी घालता येते, हात मागेही जातो, फक्त शेवटी कळ लागते. मुंग्या नाहीत. तरी प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी मोजून आणला, आटोक्यात आहे म्हणाले. पार्लरला फोन केला. मसाज करणारी बाईच आहे, घरचं तेल चालेल, पण बाटली स्वच्छ आणि गाळलेलं आणा म्हणाल्या.

आजींचा प्रतिसाद मी वाचून दाखवला नाही, त्यांनी स्वतःच मोबाइल घेऊन वाचला. चष्मा नव्हता म्हणून लांब धरून. मग म्हणाल्या, "ही कोणच्या गावची बुढी आहे?" अन् उठून गेल्या. संध्याकाळी शेजारच्या काकूंना घेऊन आल्या. "एक घंट्याचं आहे ना, मंग आम्ही दोघी अर्धा अर्धा घंटा करतो." पार्लरला परत फोन. अर्ध्या तासात पाठ, मान अन् खांदे होतात, दोघींना जमेल म्हणाल्या.

इंद्रावती_काठ
वा! काकूंनाही कागद भरायला लावा बरं.

फिजिओ_वर्धा
छान. सकाळी अकराच्या सुमाराची वेळ घ्या, म्हणजे न्याहारी जिरलेली असते आणि उजेडात घरी परत. परतीच्या एसटीत खिडकीची गार हवा मानेवर घेऊ नका, शाल ठेवा. त्या दिवशी ओझं उचलायचं नाही. दुसऱ्या दिवशी अंग थोडं ठणकलं तर घाबरू नका, दिवसभरात जातं. आणि शक्य असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळची वेचणी टाळा. ओटी भरत आली की लगेच रिकामी करायची आणि मधून मधून उभं राहून खांदे मागे फिरवायचे, ही सवय लागली तर फायदा चार दिवसांवरून पुढे जाईल.

पांढरं_सोनं
अकराचीच वेळ मिळाली, शुक्रवारची. बुधवारी अमावास्या म्हणून नको, गुरुवारी बाजार. शनिवारी सकाळी वेचणीला जाऊ नका असं डॉक्टरताई म्हणतात हे सांगितलं. त्यावर उत्तर, "सकाळी दव असते, ओला कापूस कोण वेचते? तशीबी मी नऊशिवाय वावरात पाय ठेवत नाई."

कोपरखळी
सासूबाई १, फिजिओथेरपी ०.